एडिनबरातली मेथी, पिशवीतले बटाटे आणि अडीच गुंठ्यांची वाट

प्रश्न असा आहे: आठ महिन्यांपूर्वी ठाण्याहून एडिनबरात आलेलं कुटुंब, मुलं ५ आणि ९ वर्षांची, दुसऱ्या मजल्यावर टेनेमेंटमधला, म्हणजे सामाईक जिन्याच्या जुन्या इमारतीतला, भाड्याचा फ्लॅट. निसर्गाला कमीत कमी त्रास देत जगायचं ठरवून आलात, पण दुकानात भेंडीचं पाकीट हातात घेतलं की ती विमानाने आली असेल या विचाराने अपराधी वाटतं. अलॉटमेंटसाठी, म्हणजे कौन्सिलकडून भाड्याने मिळणाऱ्या भाजीच्या तुकड्यासाठी, नाव घातलंय, पण नंबर लागायला काही वर्षं जातील असं कळलंय. तोवर काय करायचं, इथल्या भाज्यांवर आपला स्वयंपाक निभेल का, आणि पावसात घरात कंटाळणाऱ्या मुलांचं काय करायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी एडिनबरात अठरा वर्षं आहे. पहिली सहा वर्षं अशाच टेनेमेंटच्या मागच्या सामाईक हिरवळीवर भाजी लावली, आणि गेली बारा वर्षं माझ्याकडे अलॉटमेंटचा अर्धा तुकडा आहे. दोन मुलं त्या मातीतच मोठी झाली. त्यामुळे सांगते ते हाताने केलेलं आहे.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मला वाटतं तुमची खरी अडचण भेंडीची नाही. तुम्ही चांगलं जगणं म्हणजे काय काय टाळायचं त्याची यादी करून बसला आहात, आणि ती यादी एकट्या तुम्ही सांभाळताय. घरातल्या बाकी तिघांना त्यात करण्यासारखं काहीच नाही. असं व्रत फार दिवस निभत नाही. जे चौघांनी मिळून करता येईल, ज्याचं काहीतरी ताटात पडेल, तेच टिकतं. आणि त्यासाठी अलॉटमेंटची वाट बघायची गरज नाही.

आधी त्या अपराधी वाटण्याबद्दल, कारण ते निम्मं तरी अनाठायी आहे. अन्न किती लांबून आलं यापेक्षा ते कशातून आलं याने फार फरक पडतो. तूरडाळ, तांदूळ, पोहे, केळी हे सगळं बोटीने येतं आणि बोटीच्या वाहतुकीचा किलोमागे पडणारा भार अगदी थोडा असतो. विमानाने येतात त्या नाशवंत गोष्टी: भेंडी, कोवळ्या हिरव्या शेंगा, ताजा कढीपत्ता. म्हणजे वरण-भात-आमटी निर्धास्त खा, भेंडी सणावारी आणा. आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. एडिनबरा ते मुंबई जाऊन-येऊन विमानप्रवासाचा कार्बन माणशी एक टनाहून जास्त होतो. वर्षभर भेंडी न खाऊन तो भरून निघणार नाही. पण आई-वडिलांना भेटणं हीसुद्धा नीतीचीच गोष्ट आहे, आणि ते सोडा असं मी कुणाला कधीच सांगणार नाही. आमच्या घरात आम्ही दरवर्षी दोन आठवडे जाण्याऐवजी दोन वर्षांतून एकदा पाच-सहा आठवडे जायला लागलो. मुलांचं मराठी त्याने सुधारलं. तुम्हाला हे जमेल की नाही ते नोकरीवर, रजेवर आणि तिकडच्या प्रकृतींवर अवलंबून आहे.

आता जमिनीचं. २०१५ च्या स्कॉटलंडच्या समुदाय सक्षमीकरण कायद्यात अलॉटमेंटवर एक पूर्ण भाग आहे. पूर्ण तुकडा २५० चौरस मीटरचा धरलाय, म्हणजे जवळजवळ अडीच गुंठे. कुणालाही यादीत पाच वर्षांपेक्षा जास्त थांबावं लागू नये यासाठी कौन्सिलने वाजवी प्रयत्न करायचे, असंही त्यात आहे. प्रत्यक्षात काय होतं ते शहरावर आणि जागेवर ठरतं. अर्जात लहान तुकडा चालेल असं लिहिता येतं. तुमच्या अर्जात ते नसेल तर आजच कळवा. लहान मुलं आणि नोकरी सांभाळून अडीच गुंठे कसणं कठीण आहे. माझ्या शेजारच्या पूर्ण तुकड्यावर तीन कुटुंबं मोठ्या उत्साहाने आली आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात तण कमरेएवढं वाढल्यावर सोडून गेली.

तोवर दोन जागा आहेत. एक, तुमच्या इमारतीमागची बॅक ग्रीन, म्हणजे मागची हिरवळ. ती बहुतेक ठिकाणी सगळ्या फ्लॅटमालकांची सामाईक असते, त्यामुळे भाडेकरूने घरमालकाला आणि शेजाऱ्यांना विचारूनच काही ठेवावं. जमीन खणू नका, पिशव्या आणि कुंड्या ठेवा. कुणाला अडचण झाली तर उचलता येतात, आणि जुन्या शहरी मातीत शिसं असण्याची जी शक्यता असते तीही टळते. दुसरी जागा म्हणजे सामुदायिक बाग. शहराच्या उत्तरेला ग्रँटनमध्ये तर रस्त्याच्या कोपऱ्यांवरच्या गवताळ तुकड्यांवर लोक मिळून भाजी लावतात. अशा ठिकाणी शनिवारी दोन तास हातभार लावलात तर इथली माती आणि इथली माणसं दोन्ही कळतील. मला नांगरणीपासून नव्याने शिकवलं ते अशाच एका बागेतल्या सत्तरीच्या आजींनी. त्या कधी पुस्तकातला महिना सांगत नसत. माती हातात घेऊन दाबायच्या, गोळा झाला की म्हणायच्या, अजून आठवडाभर थांब.

हवामानाबद्दल लोक फार घाबरवतात. एडिनबरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, पुण्याला पडतो जवळपास तितकाच. फरक एवढाच की पुण्याचा चार महिन्यांत कोसळतो आणि इथला बारा महिने झिमझिमतो. ग्लासगोला, पश्चिमेला, तो बराच जास्त. खरी अडचण पावसाची नाही, थंडीची आणि उजेडाची आहे. दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, मे महिन्याच्या उत्तरार्धापर्यंत पडू शकतं. जूनमध्ये दिवस साडेसतरा तासांचा, डिसेंबरमध्ये सातच तासांचा. शिवाय पूर्व किनाऱ्यावर समुद्रावरून ‘हार’ येतं, म्हणजे दाट गार धुकं. सकाळी कडक ऊन पाहून रोपं बाहेर काढावीत आणि दुपारी ती कुडकुडत असावीत, असे दिवस मेमध्ये हमखास येतात. पहिल्या वर्षी मी आईने पाठवलेलं दुधीचं आणि भेंडीचं बी बाहेर लावलं. उगवलं, चार पानांवर आलं आणि जून संपेपर्यंत तिथेच थांबून पिवळं पडलं. तेव्हा लक्षात आलं की आपल्या भाज्या इथल्या मातीवर लादायच्या नाहीत. माती जे आनंदाने देते ते घ्यायचं आणि त्याला फोडणी आपली द्यायची.

ती काय देते? सगळ्यात आधी बटाटा, इथल्या बोलीत टॅटी. मुलांबरोबर सुरुवात करायला याच्यासारखं दुसरं पीक नाही, म्हणून याच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

बियाण्याचे बटाटे रोपवाटिकेतूनच आणा, दुकानातले खायचे बटाटे लावू नका, त्यांतून रोग येतो. ब्रिटनचं बहुतेक बटाट्याचं बियाणं स्कॉटलंडमध्येच तयार होतं, कारण थंड वाऱ्यामुळे इथे विषाणू पसरवणारा मावा कमी असतो. जात ‘फर्स्ट अर्ली’, म्हणजे सगळ्यात लवकर येणाऱ्या, गटातली घ्या, ड्यूक ऑफ यॉर्क किंवा एपिक्युअर. कारण करपा. जुलैअखेर हवा दमट आणि कोंदट झाली की बटाट्यावर करपा उतरतो आणि आठवड्यात शेत काळं करतो. १८४६ पासून याच करप्याने उत्तरेच्या डोंगराळ हायलँड्समधली माणसं वर्षानुवर्षं उपाशी ठेवली आणि हजारोंना देश सोडायला लावला. लवकर येणारी जात करप्याच्या आधी घरात येते.

फेब्रुवारीअखेर अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये एकेक बटाटा उभा ठेवा, ज्या टोकाला डोळे जास्त ते वर. ट्रे उजेडाच्या पण गार खिडकीत. पाच-सहा आठवड्यांत बोटाच्या पेराएवढे जाड, जांभळट-हिरवे कोंब येतात. लांब, पांढरे, मऊ कोंब आले तर जागा काळोखी किंवा गरम आहे असं समजा. प्रत्येक बटाट्याला नाव द्यायचं काम मुलांचं. एप्रिलच्या मध्यावर चाळीस लिटरच्या पिशवीला खाली भोकं पाडून तळाशी वीतभर माती घाला, तीन बटाटे कोंब वर करून ठेवा आणि झाकून टाका. पाला वाढेल तशी वरून माती चढवत जायची. दहिवराची रात्र असेल तर जुनी चादर टाका.

साधारण अकरा-बारा आठवडे लागतात. इथल्या शाळा जूनअखेर सुटतात, म्हणजे सुट्टी लागली की काढणी. माझी धाकटी तेव्हा सहा वर्षांची होती. पिशवी आडवी केली, तिने कोपरापर्यंत हात मातीत घातला आणि एकदम थांबली. म्हणाली, “आई, गार गार अंडी आहेत.” मग एकेक बाहेर आला, साल इतकी पातळ की अंगठ्याने घासली तरी सुटावी, वर ओल्या मातीचा वास. तीन बटाट्यांचे सव्वादोन किलो भरले. तासाभरात उकडून, वर जिरं आणि मीठ घालून खाल्ले. त्या आठवड्यात तिने ताटात बटाट्याची फोड टाकली नाही, आणि अन्न वाया घालवू नये हे मला सांगावं लागलं नाही. एक सांभाळा: बटाट्याचा पाला, त्यावर धरणारी हिरवी फळं आणि उन्हाने हिरवे पडलेले बटाटे विषारी असतात, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. ऑक्टोबरच्या सुट्टीला इथले लोक अजून ‘टॅटी हॉलिडेज’ म्हणतात, कारण पूर्वी त्या दिवसांत शाळकरी मुलं शेतांवर बटाटे वेचायला जात. तुमच्या नऊ वर्षांच्या मुलाला हे वर्गात सांगायला आवडेल.

दुसरी गोष्ट ब्रॉड बीन्स, म्हणजे मोठ्या चपट्या दाण्यांच्या शेंगा. मार्चमध्ये लावा, जुलैमध्ये शेंगा. दाणे मिनिटभर उकळत्या पाण्यात टाकून वरचं जाड साल काढलं की आत हिरवीगार डाळिंबी! कडव्या वालांची सर पूर्ण नाही, पण आमसूल, गूळ, खोबरं घातलेली उसळ पानात आली की घरचे गप्प बसून खातात. घरात कुणाला जी-सिक्स-पीडी या रक्तातल्या एन्झाइमची कमतरता असेल, आणि ती आपल्याकडे काही कुटुंबांत असते, तर मात्र या शेंगा अजिबात नकोत.

तिसरी रुबार्ब. एकदा लावली की वर्षानुवर्षं येते. तिचे लाल दांडे आंबट, आमटीत चिंचेच्या जागी घालते मी. वाटीभर तुरीला एक लांब दांडा चिरून, गूळ जरा जास्त. पण नीट ऐका: रुबार्बची पानं दिसायला अळूसारखी मोठी असतात आणि आपल्या बायकांचा हात वडीसाठी शिवशिवतो. ती पानं विषारी आहेत. वडीसाठी चार्ड या पालकासारख्या भाजीची पानं घ्या, ती कुंडीतही छान वाढतात. केल या कोबीच्या जातीतल्या पाल्याची पीठ पेरून भाजी होते, लीक या कांद्याच्या जातीतल्या जाड दांड्याचा झुणका पातीच्या कांद्यापेक्षा कमी नाही. गूसबेरी या आंबट फळांचं लोणचं तर आता आमच्याकडे इथले शेजारी मागून नेतात.

आणि मेथी. आपल्या डब्यातले मेथीदाणे रात्रभर भिजवून, खाली भोकं पाडलेल्या उथळ ट्रेमध्ये दाट पेरा. दक्षिणेच्या खिडकीत एप्रिल ते ऑगस्ट तीन-चार आठवड्यांत कोवळी मेथी कापायला मिळते. खिडकी उत्तरेची असेल तर निराशा होईल, तेव्हा आधी बघून घ्या. कोथिंबीर जूनच्या लांबलचक दिवसांत पटकन फुलोऱ्यावर येते. ती मार्चअखेर पेरा, नाहीतर थेट ऑगस्टमध्ये. हिवाळ्यात खिडकीतलं काहीच करू नका, उजेड पुरत नाही. त्या महिन्यांत मटकीला मोड आणा. इथलं स्वयंपाकघर मोडांना फार गार पडतं, म्हणून भिजवून बांधलेली मटकी बॉयलरच्या कपाटात ठेवा, दीड-दोन दिवसांत मोड येतात.

माती विकत घेताना पाकिटावर ‘पीट-फ्री’ लिहिलंय का ते पाहा. या बाबतीत मी कडक आहे. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साठलेलं, न कुजलेलं शेवाळ. वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतं. स्कॉटलंडच्या जमिनीचा पाचवा हिस्सा तरी पीटखाली आहे आणि त्यात कार्बन दबून आहे. उत्तरेच्या केथनेस-सदरलँडमधल्या ‘फ्लो कंट्री’ला २०२४ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं ते याच दलदलीसाठी. चार मेथीच्या जुड्यांसाठी ती उकरून आणू नये. पीट-फ्री माती वरून लवकर सुकलेली दिसते, पण आत ओल असते. पाणी घालण्याआधी बोट खुपसून बघा.

शेणखताबद्दल एक अनुभव. चौथ्या वर्षी शहराबाहेरच्या एका तबेल्यातून घोड्यांची लीद आणली, फुकट मिळाली म्हणून भरपूर टाकली. तीन आठवड्यांत शेंगांच्या वेलांची कोवळी पानं नेच्यासारखी आत वळली. घोड्यांच्या गवतावर तणनाशक मारलेलं होतं, आणि ते घोड्याच्या पोटातून जाऊनही नष्ट होत नाही. त्या वर्षीचं निम्मं पीक गेलं. तेव्हापासून कुठलंही फुकटचं खत आलं की आधी एका कुंडीत ते मिसळून चार ब्रॉड बीन्स लावते आणि तीन आठवडे वाट बघते. पानं सरळ आली तरच खत वापरायचं.

गोगलगायी येणारच. मेटाल्डिहाइडच्या निळ्या गोळ्यांवर २०२२ पासून बंदी आहे, कुणाच्या शेडमध्ये जुना डबा असेल तरी घेऊ नका, साळिंदरासारख्या काटेरी हेजहॉगला आणि पक्ष्यांना त्या मारतात. मुलांना अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन खाली न्या. गोगलगायी वेचून बादलीत टाकणं हा माझ्या मुलांचा कित्येक उन्हाळे सगळ्यात आवडता उद्योग होता.

पावसातल्या शनिवार-रविवारबद्दल थोडंच सांगते. ५ ते २१ वयाच्या मुलांना जानेवारी २०२२ पासून स्कॉटलंडभर बस फुकट आहे, त्याचं कार्ड काढलं नसेल तर काढा, म्हणजे गाडी घेण्याचा विचार दोन-तीन वर्षं तरी पुढे ढकलता येईल. चांगले रेनकोट चॅरिटी शॉपमधून, म्हणजे वापरलेल्या वस्तूंच्या दुकानातून, घ्या, मुलं वर्षभरात मोठी होतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जुन्या रेल्वेमार्गांच्या वाटांवर, रोझबर्न किंवा वॉरिस्टनला, ब्रँबल्स पिकतात, म्हणजे ब्लॅकबेरी. २००३ च्या कायद्याने इथे जबाबदारीने जवळजवळ कुठेही पायी फिरायचा हक्क आहे आणि घरापुरती फळं तोडायला कुणी ना म्हणत नाही. गुडघ्याच्या खालची फळं कुत्र्यांमुळे सोडा, वरची पक्ष्यांसाठी. नदीकाठी पुरुषभर उंच, पांढऱ्या छत्रीसारख्या फुलांचं झाड दिसलं तर मुलांना हात लावू देऊ नका. ते जायंट हॉगवीड, त्याचा चीक लागून ऊन पडलं की कातडीवर भाजल्यासारखे फोड येतात. आणि डोंगरावरून आल्यावर गुडघ्यामागे, काखेत गोचीड बघा.

घरातलं एकच सांगते. तुमच्या स्वयंपाकघराच्या छताला लाकडी दांड्यांची दोरीवरची पुली असेल, तर ती वापरा. माझ्या आजीच्या गिरगावातल्या खोलीत अशाच दांड्या होत्या आणि काठीने कपडे वर चढवायचे, त्यामुळे मला ती पाहताक्षणी ओळखीची वाटली. गरम हवा वर असते, कपडे रात्रीत वाळतात, ड्रायरची वीज वाचते. फक्त खिडकी दिवसातून दोनदा दहा मिनिटं उघडा, नाहीतर भिंतींना बुरशी धरते.

तुम्ही फेब्रुवारीत विचारलंत हे फार बरं झालं. या शनिवारी नऊ बियाण्याचे बटाटे आणि एक ट्रे मेथी, एवढंच करा. बाकी सगळं पुढच्या वर्षी. आणि आधी सामाईक जिन्याच्या खालच्या दारावर मुलांच्या अक्षरात एक चिठ्ठी लावा: आम्ही दुसऱ्या मजल्यावरचे, एप्रिलमध्ये मागच्या भिंतीशी बटाट्यांच्या तीन पिशव्या ठेवू इच्छितो, कुणाची हरकत असेल तर कृपया सांगा, जुलैमध्ये सगळ्यांना थोडे थोडे देऊ. आमच्या तशा चिठ्ठीखाली तळमजल्यावरच्या आजोबांनी पेन्सिलने लिहिलं होतं, माझ्याकडे फावडं आहे, दार वाजवा.